गोळ्या आल्या, माणसे कुठे आहेत?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी दरवेळी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांबद्दल लिहितो. या खेपेस पूर्वहंगामी लागणीविषयी लिहायचे ठरले होते, मजकूर अर्धा लिहूनही झाला होता. तो पुढच्या अंकात देतो. आज लिहितो आहे ते आपल्या फडातलेच आहे, पण उसाचे नाही.

मागच्या काही हंगामांतल्या एका हंगामाची ही हकीकत. साल सांगत नाही, गट सांगत नाही, आणि वाचणाऱ्यांनी अंदाज बांधू नये अशी हात जोडून विनंती आहे. ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याला विचारूनच लिहितो आहे. "नाव सोडून काय बी लिवा, साहेब," असे तो म्हणाला.

डिसेंबर महिना होता. एका फडावर गेलो तर एका कोयत्याचे काम फार मागे पडलेले. नवरा बांधावर गुडघ्यात डोके घालून बसला होता आणि बायको एकटी तोडत होती, एकटीच मोळ्या बांधत होती. मुकादम तोंडाचा पट्टा चालवीत होता. उचल घेताना बरा होतास, आता काय झाले, वगैरे. कारखान्याला ऊस कमी पडत होता, वरून फोन येत होते, तेव्हा मीही दोन शब्द सुनावले. ते आज आठवले की लाज वाटते.

मी मोटारसायकलला किक मारली तेव्हा ती बाई मागून आली. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत सरकारी दवाखान्याचे हिरवे पुस्तक. "ह्याच्या गोळ्या संपल्यात. दीड महिना झाला," एवढेच बोलली. पुस्तक उघडले आणि मला कळले. एच.आय.व्ही.च्या औषधाचे पुस्तक होते ते.

गावाकडून निघताना त्याला एक महिन्याचे औषध मिळाले होते. ते संपायच्या आधी तो आपल्या बाजूच्या एका केंद्रावर गेला होता, अगदी वेळेवर गेला होता. तिथे समुपदेशकाची जागा रिकामी. जुन्या केंद्राकडून बदलीचा कागद आणा, सोमवारी या, असे सांगितले. सोमवारी गेला तर डॉक्टर दुसऱ्या ड्यूटीवर. दोन खाडे झाले. तिसऱ्यांदा मुकादमाने सोडले नाही, आणि हा कारण सांगणार तरी काय? मग ताप, खोकला, आणि शेवटी क्षय निघाला. त्याला दवाखान्यात घेऊन गेलो तेव्हा मागे बसलेल्या माणसाचे वजन गाडीला जाणवत नव्हते. तो वाचला. त्या हंगामात बायकोने एकटीने अर्धा कोयता चालवला, आणि उचल फिटली नाही ती नाहीच.

त्या केंद्राचे नाव मी लिहिणार नाही. तिथे जी दोन माणसे होती ती चार माणसांचे काम करीत होती. दोष त्या दोघांचा नव्हता. मग कुणाचा, हा प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचे थोडेफार उत्तर मला आमच्या गावी मिळाले.

मी मूळचा हमरापूरचा, तालुका पेण. माझ्या कोकणी हेलाची शेतकी खात्यात काय थट्टा होते ती आपणांस ठाऊकच आहे. आमच्याकडे ऊस पाहायचा तो रसवंतीवर. भात, मिठागरे आणि गणपती हा आमचा मुलूख. तिथे "कारखाना" म्हटले की साखरेचा नव्हे, गणपतीचा. हमरापूर, जोहे, कळवे या भागात जिकडे पाहावे तिकडे मूर्तींचे कारखाने, आणि आषाढ लागला की रात्री बारापर्यंत दिवे जळतात.

यंदा आषाढात चार दिवसांची रजा काढून गेलो होतो. चुलतभावाच्या कारखान्यात बसलो होतो. पाहावे तर साच्यात माल भरायला एक, मूर्ती घासून साफ करायला दोन पोरे, पांढरा हात द्यायला शेजारच्या बायका, अंगरंगाला वेगळा, सोनेरीला वेगळा माणूस. आणि एका कोपऱ्यात, चांगल्या उजेडात, एक म्हातारे गृहस्थ फक्त डोळे लिहीत होते. आमच्याकडे तिला आखणी म्हणतात. ते मूर्ती उचलत नाहीत, रंग कालवीत नाहीत. मूर्ती त्यांच्या पुढ्यात येते, डोळे उमटतात आणि ती पुढे जाते. भाऊ म्हणाला, "यांनी साचे भरले असते तर वर्षाला पन्नास गणपती निघाले असते."

तिथेच माझी भाची आली होती. ती एका सरकारी केंद्रात समुपदेशक आहे, कंत्राटावर. (केंद्र रायगडातले नाही, एवढेच सांगतो.) मी तिला त्या ऊसतोड्याची हकीकत सांगितली. ती ऐकून तिने मला उलटाच प्रश्न विचारला, "मामा, तुमच्या शेतकी खात्यात एका माणसामागं किती शेतकरी असतात?"

म्हटले, गटावर अवलंबून आहे, पाचशेच्या घरात असतील.

"आणि पाचशेच्या पाचशे लोकांनी दर महिन्याला तुमच्याकडं यायचंच, असं ठरवलं तर?"

मी हसलो. ती हसली नाही.

तिने जे सांगितले ते थोडक्यात असे. गोळी द्यायला दोन मिनिटे लागतात. ती रोज, ठरल्या वेळी, जन्मभर का घ्यायची हे पटवायला पहिल्या वेळी तास लागतो, आणि पुढे दर खेपेला दहा मिनिटे तरी. माणूस पहिल्या महिन्यात घाबरलेला असतो, गोळ्या नीट घेतो. दुसऱ्या वर्षी तब्येत सुधारते, गाल भरतात, कामावर जातो, आणि मग चुकवायला लागतो. मध्ये खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. तेव्हा खरे काम असते चुकवणाऱ्याला वेळेवर हुडकण्याचे. ते फोन करून, घरी निरोप पाठवून, आणि तेही शेजाऱ्याला संशय न येता करावे लागते. "नेमकं तेच काम रजिस्टरात दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणून माणूस कमी पडला की पहिलं तेच बंद पडतं. गोळ्या वाटणं चालू राहतं, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की केंद्र चालू आहे."

हे वाक्य मला आमच्या खात्यालाही लागू वाटले, पण ते असो.

आता थोडा मागचा इतिहास. आपल्या देशात हा विषाणू प्रथम १९८६ साली आढळला. त्यानंतर कितीतरी वर्षे औषध होते पण गरिबाला परवडणारे नव्हते. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणण्याची तयारी दाखवली आणि जगभर खळबळ उडाली, कारण तोवर तो खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास सांगितला जाई. (या कंपनीचा एक कारखाना आमच्या रायगडात पाताळगंगेला आहे.) १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत औषधोपचार सुरू केले. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

तेव्हा रक्तातील सी.डी. ४ पेशी २०० च्या खाली गेल्या तरच औषध मिळे. पुढे ही मर्यादा वाढत गेली, २५०, ३५०, ५००, आणि २०१७ पासून तपासणीत विषाणू सापडला की लगेच औषध. अलीकडे तर बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. औषध नीट घेतले, रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदारालाही जात नाही, हे आता सिद्ध झाले आहे. २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार देशात २५ लाखांवर लोक या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख आपल्या महाराष्ट्रात आहेत, सर्व राज्यांत जास्त. म्हणजे प्रत्येक सुधारणेबरोबर केंद्राच्या दारातली रांग लांबत गेली. पूर्वी माणूस मरत असे, आता जगतो आणि दर महिन्या-तीन महिन्यांनी येतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण त्या रांगेला सामोरे कोण जाणार याचा हिशेब औषधाच्या हिशेबाइतका सोपा नाही. औषध निविदा काढून विकत घेता येते. शिकलेली, टिकणारी, लोकांचे ऐकून घेणारी माणसे निविदेने येत नाहीत.

केंद्रात डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका, औषधनिर्माता, तंत्रज्ञ आणि नोंदी ठेवणारा अशी माणसे लागतात. शिवाय स्वतः हा विषाणू घेऊन जगणारा एक जण रुग्णांना धीर द्यायला नेमलेला असतो, आणि माझ्या मते साऱ्या योजनेतली ही सर्वांत शहाणपणाची नेमणूक आहे. यातली बहुतेक माणसे कंत्राटावर. मुख्य केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. आमच्या रायगडचे अलिबागला. रुग्णाची पायपीट वाचावी म्हणून तालुक्याच्या रुग्णालयांतून त्याला जोडलेली लहान केंद्रे काढली गेली, तिथे स्थिर रुग्णाला औषध मिळते. कल्पना उत्तम. पण तिथला डॉक्टर हा त्या रुग्णालयाचाच डॉक्टर. तोच बाळंतपणाला, तोच सर्पदंशाला, तोच शवविच्छेदनाला. आपल्या ऊसतोड्याला सोमवारी भेटला नाही तो असाच कुठल्यातरी कामात असणार.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान. आपल्याकडे मोफत औषध सुरू झाले त्याच २००४ साली त्यांच्याकडेही मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. त्या वेळी तिथे एक लाख लोकांमागे जेमतेम दोन डॉक्टर होते, आणि परिचारिका चांगल्या पगारासाठी इंग्लंडला चालल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांची वाट पाहिली नाही. डॉक्टरच्या खालच्या दर्जाचे वैद्यकीय सहायक आणि परिचारिका यांना शिकवले, सर्वांसाठी औषधाचा एकच सोपा क्रम ठरवला, क्षयाच्या कामातल्यासारखी साधी रजिस्टरे केली, आणि दर तीन महिन्यांनी वरून माणूस जाऊन प्रत्येक केंद्राचे रजिस्टर तपासू लागला. आणि त्याच सुमारास आरोग्य खात्यातल्या अकरा प्रकारच्या कर्मचाऱ्यांचा पगार ५२ टक्क्यांनी वाढवला. हे शेवटचे वाक्य लोक सांगताना गाळतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

दक्षिण आफ्रिकेत लुसिकिसिकी नावाचा गरीब ग्रामीण भाग आहे. तिथे २००३ पासून 'सीमेपलीकडचे डॉक्टर' या जागतिक संस्थेने सरकारबरोबर १२ लहान दवाखान्यांतून परिचारिकांच्या हाती औषधोपचार दिला. डॉक्टर फिरतीवर असे आणि अवघड रुग्ण पाही. वर्षाअखेरीस हिशेब केला तेव्हा मोठ्या रुग्णालयातून औषध नेणाऱ्या शंभरांतले १९ जण गळाले होते आणि या लहान दवाखान्यांतून दोन. डॉक्टर जवळ असलेल्या ठिकाणी गळती जास्त आणि परिचारिका जवळ असलेल्या ठिकाणी कमी, हे वाचून मी पुन्हा एकदा आकडे पाहिले. पण विचार केला की पटते. लहान दवाखाना घराजवळ होता, आणि तिथली बाई रुग्णाला नावाने ओळखत होती.

मोझांबिकच्या टेटे प्रांतात तर २००८ पासून रुग्णांनीच सहा-सहा जणांचे गट केले. पाळीपाळीने एकाने जायचे आणि सहांचे औषध आणायचे. सहा खाड्यांच्या जागी एक. ऊसतोड्याला हे गणित शिकवावे लागणार नाही. पण घाई करू नये. टोळीतल्या टोळीत कोणाला काय आहे हे कळणे म्हणजे काय हे आपण जाणतो. असे गट ज्याचे त्यानेच, विश्वासाच्या माणसांत जमवायचे असतात. मुकादमाने यादी करून तर मुळीच नाही.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वाटणीला रीतसर मार्गदर्शक तत्त्वे दिली. पण आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नव्हती. आज ज्याला अहिल्यानगर जिल्हा म्हणतात त्यातले जामखेड, जिथून आपल्याकडे टोळ्या येतात, तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून गावोगावच्या, बहुधा निरक्षर, बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या रायगडातही, जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हा, मांडव्याच्या बाजूला डॉ. नोशीर अंतिया यांनी गावातल्याच बायकांना घेऊन तसाच प्रयोग केला होता. बायका कामात कमी पडल्या नाहीत, पण स्थानिक विरोधापुढे तो पुढे चालला नाही. आणि आपल्या ऊसपट्ट्यातले सांगलीचे उदाहरण तर डोळ्यासमोरचे आहे. तिथे १९९२ पासून 'संग्राम' संस्थेच्या मीना सेषू यांच्याबरोबर देहविक्री करणाऱ्या बायकांनी स्वतःच निरोध वाटपाचे आणि समजावण्याचे काम अंगावर घेतले. जे तज्ज्ञांना जमले नसते ते त्यांना जमले, कारण वस्तीतले दार त्यांनाच उघडत होते.

हे सारे मी भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "खरं आहे, पण मामा, तुम्ही दुसरी बाजू सांगा."

दुसरी बाजू अशी. काम वाटून देणे निराळे आणि काम स्वस्तात उरकणे निराळे. परिचारिकेला किंवा आशाताईला नवे काम द्यायचे तर जुने कोणते काढणार ते सांगितले पाहिजे. शिकवले पाहिजे, आणि अडले तर विचारायला वर कोणीतरी पाहिजे. पगार वेळेवर पाहिजे. कंत्राट वर्षा-वर्षाने वाढत असेल तर शिकलेला माणूस चांगली नोकरी मिळताच जातो, आणि त्याच्याबरोबर पाचशे लोकांची ओळख जाते. नवा माणूस आला तरी ती ओळख परत यायला वर्ष लागते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा दक्षिण आफ्रिकेत अशी हजारो माणसे घरी बसली. आपला कार्यक्रम मुख्यतः केंद्र सरकारच्या पैशावर चालतो, तेव्हा तो धोका आपल्याला तसा नाही. आपला धोका सावकाश येणारा आहे. एक जागा रिकामी, मग दुसरी, आणि रजिस्टर मात्र भरलेले.

भावाच्या कारखान्यातले ते म्हातारे गृहस्थ आठवतात. बाकीची कामे दहा जणांनी वाटून घेतली हे खरे, पण डोळे लिहिणारी खुर्ची कोणी रिकामी ठेवलेली नव्हती.

आता आपल्या कारखान्यापुरते. सरकारी जागा भरणे आपल्या हातात नाही, पण जी माणसे आहेत त्यांचा भार हलका करणे आहे. हंगामाच्या तयारीच्या बैठकीत मी काही गोष्टी मांडल्या. तेव्हा एक सन्माननीय सभासद म्हणाले, "आपण साखर कारखाना चालवतो की दवाखाना?" मी एवढेच म्हटले, की दर हंगामाला बैलांना लाळ्या-खुरकताची लस टोचायला आपण पशुवैद्यकाला गाडी पाठवून आणतो आणि त्यावर कोणी प्रश्न विचारीत नाही. बैठक थोडा वेळ शांत झाली. ठराव अजून झालेला नाही, पुढच्या बैठकीत येईल.

मागणी फार मोठी नाही. करार करायला मुकादम येतात त्या दिवशी तालुका रुग्णालयातल्या समुपदेशकाला अर्धा तास बोलायला द्यावा. ऊसतोड्याने निघण्यापूर्वीच आपल्या केंद्राला सांगितले, तर त्याला जास्त महिन्यांचे औषध किंवा इकडच्या केंद्राकडे बदलीचा कागद मिळू शकतो. हिरवे पुस्तक मात्र बरोबर पाहिजे. हे त्याला गावाकडेच कळले पाहिजे, इथे येऊन उपयोग नाही. दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये, आणि दवाखाना कशासाठी हे विचारू नये. ताप असो, बाळंतपण असो, की आणखी काही, सर्वांना एकच नियम ठेवला म्हणजे कोणाकडे बोट जात नाही. आणि टोळीची सक्तीने रक्ततपासणी करावी अशी सूचना जी दोघा-तिघांनी केली, ती कृपा करून मनातून काढावी. ती कायद्याने चालत नाही. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीशिवाय तपासणी करणे, कोणाची माहिती फोडणे, या कारणावरून कामावरून काढणे, सगळ्याला मनाई आहे. शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. म्हणजे आपणही.

स्लिपबॉय आणि गटातल्या मदतनीसांना मी माझ्यापुरते सांगून ठेवले आहे. कोणाचा कोयता मागे पडला तर आधी बरे वाटत नाही का हे विचारावे, आणि मग ऊस किती राहिला ते. मला त्या दिवशी ते सुचले नव्हते.

माहितीसाठी १०९७ हा सरकारी फोन आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, नाव सांगावे लागत नाही. हा आकडा यंदा प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर, तोडणी कार्यक्रमाच्या खाली लिहिलेला असेल. कोणी पुसला तर पुन्हा लिहावा.